जपानी गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना

पुणे-बंगळूर महामार्गावर नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरले की पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. आणि ज्या गावाची ओळख दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत सुभानमंगळ किल्ल्याचे अवशेष, जुनी दगडी पाणपोई आणि एस.टी.चा थांबा एवढ्यात संपत असे, त्याच गावाच्या आसमंतात केसुर्डी, विंग, शिंदेवाडी या पट्ट्यात जे कारखाने उभे राहिले, त्यांनी येथील बाजारपेठेच्या दारात काही अपूर्व गिऱ्हाइके आणून उभी केली. केसुर्डीच्या औद्योगिक वसाहतीत निप्रो या ओसाका प्रांतातील कंपनीचा वैद्यकीय साहित्याचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत यंत्रांच्या जोडणीसाठी, तपासणीसाठी आणि देखरेखीसाठी परदेशस्थ मंडळींची ये-जा असते, आणि ती मंडळी कधी जेवायला, कधी मुक्कामाला, कधी फळे-बिस्किटे घ्यायला, तर कधी सुट्या भागांचा भाव विचारायला आपल्या माणसांसमोर येतात. त्यांतील जपानी गिऱ्हाइकाशी व्यवहार करणाऱ्या खाणावळवाल्यांना, लॉजच्या मालकांना, किरकोळ दुकानदारांना आणि वर्कशॉप चालविणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

जपानी माणूस हात आखडून खर्च करतो, असा एक समज आपल्याकडे आहे. हा समज निराधार म्हणता येणार नाही. पण जो समाज भेट म्हणून द्यावयाच्या एका खरबुजाला दहा हजार येन बिनतक्रार मोजतो, त्या समाजाला कंजूष ठरविण्यापूर्वी थोडा विचार करावयास हवा. माझ्या मते खर्चाचे त्याला भय नाही. ज्या खर्चाचा आकडा, मुदत आणि मोबदला हे तिन्ही आधी ठरलेले नाहीत अशा खर्चाचे त्याला भय आहे. रोखीची आवड, उधारीचा कंटाळा, पावतीचा आग्रह आणि घासाघिशीचा संकोच या त्याच्या साऱ्या सवयींचे मूळ एवढ्या एका गोष्टीत सापडते, आणि ती ध्यानात ठेवली तर पुढच्या बहुतेक सूचना वाचकाला आपल्या आपणच सुचतील.

प्रथम रोखीविषयी. ज्या देशात आगगाड्या मिनिटाच्या हिशेबाने धावतात, त्या देशातील माणूस खिशात नोटा बाळगत नसेल, असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तेथील सरकारने २०२५ पर्यंत ग्राहकांच्या एकूण खर्चापैकी चाळीस टक्के खर्च नोटा-नाण्यांवाचून व्हावा असे उद्दिष्ट ठेवले होते, आणि २०२४ मध्ये ते प्रमाण ४२.८ टक्क्यांवर गेले तेव्हा उद्दिष्ट गाठल्याचे समाधान व्यक्त झाले. याचा व्यत्यासाने अर्थ असा की, कार्ड, मोबाईल आणि इतर सोयी हाताशी असताही निम्म्याहून अधिक खर्च तेथे त्या वर्षीही रोखीने आणि इतर मार्गांनी झाला. गंमत अशी की, आपल्या वडापावच्या गाडीवर जो काळा-पांढरा चौकोन चिकटविलेला असतो, तो क्यूआर कोड १९९४ साली डेन्सो या जपानी कंपनीत मासाहिरो हारा यांनी शोधून काढला, तोही मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांची नोंद ठेवण्यासाठी; आणि त्याच चौकोनावर पैसे देण्याची सवय जपानी जनतेला लावण्यासाठी २०१८ साली जेव्हा 'पेपे' नावाची सेवा तेथे निघाली, तेव्हा तिच्यामागील तंत्र आपल्याकडच्या पेटीएमकडून घेतलेले होते. जपानने दिलेली वस्तू वापरायला आपण जपानलाच शिकविले, असे कोणी अभिमानाने म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रोखीच्या या आवडीला कारणे आहेत. रस्त्यात पाकीट पडले तर ते पोलीसचौकीत जमा होण्याचा संभव तेथे मोठा असतो, आणि पोलिसांकडे ते मालकासाठी तीन महिने राखून ठेवले जाते. कित्येक दशके वस्तूंचे भाव जवळजवळ स्थिर राहिल्यामुळे आणि ठेवींवरील व्याज नाममात्र असल्यामुळे, कपाटात पडून राहिलेल्या नोटांचे फारसे नुकसान होत नसे. त्यात भूकंपांचा देश. सप्टेंबर २०१८ मध्ये होक्काइदो बेटावर भूकंप होऊन सबंध बेटाची वीज गेली, तेव्हा कार्डाची यंत्रे निरुपयोगी ठरली आणि ज्याच्या खिशात नाणी होती त्यालाच दुकानातून पाणी व अन्न घेणे सुकर झाले. वीज गेली की मोबाईलची रेंजही जाते, हा अनुभव ज्यांना पावसाळ्यात वारंवार येतो, त्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

परंतु रोखीची ही परंपरा केवळ अलीकडच्या कारणांनी पडलेली नाही. शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६७३ साली, मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकिओत, एचिगोया नावाचे कापडाचे दुकान काढले. त्या काळी वस्त्रांचे व्यापारी सरदार-दरकदारांच्या आणि धनिकांच्या वाड्यांवर माल घेऊन जात, माल उधारीने देत आणि वसुली वर्षातून एकदा-दोनदा ठराविक सणाला करीत. बुडीत जाणाऱ्या रकमेची आणि अडकून पडणाऱ्या भांडवलाची भरपाई अर्थातच भावात आधीपासून चढवून ठेवलेली असे. मित्सुईने हा सारा क्रम मोडला. गिऱ्हाइकाने दुकानात यावे, रोख पैसे द्यावे, आणि लहानथोर सर्वांना एकच भाव असावा. त्याच्या मोबदल्यात भाव कमी, आणि ठाणच्या ठाण घेण्याची सक्ती न करता हवे तेवढे कापड कापून मिळेल, असा त्याचा खाक्या होता. त्याच दुकानातून पुढे मित्सुकोशी हे जगप्रसिद्ध भांडार उत्पन्न झाले. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपल्याकडे गल्ल्यामागे थट्टेने लावलेली आढळते. तेथे तोच विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यापाराचा पाया झाला. एकच भाव म्हणजे प्रामाणिक भाव, ही समजूत जपानी गिऱ्हाइकाच्या मनात किती खोल रुजलेली आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष गल्ल्यापाशी काय घडते ते पाहू. जपानी दुकानात गल्ल्याशेजारी एक लहानसा ट्रे ठेवलेला असतो. गिऱ्हाईक नोटा आणि नाणी विक्रेत्याच्या हातात न देता त्या ट्रेमध्ये ठेवते. विक्रेता एकूण रक्कम मोठ्याने उच्चारतो, मिळालेली रक्कम मोठ्याने उच्चारतो, आणि परत द्यावयाच्या नोटा गिऱ्हाइकासमोर एकेक मोजून, सुट्या नाण्यांसह व पावतीसह परत करतो. बिल ७६२ येन झाले तर वयस्क गृहिणी १,०१२ येन ट्रेमध्ये ठेवील, म्हणजे तिला नेमके अडीचशे, तीन नाण्यांत, परत मिळतील आणि पाकीट जड होणार नाही. मागे रांग असली तरी या हिशेबाला कोणी हरकत घेत नाही. एका येनचे नाणे वजनाने एक ग्रॅम, ॲल्युमिनियमचे, पाण्यावर अलगद ठेवले तर तरंगणारे; पण तेही परत दिल्यावाचून व्यवहार पुरा झाला असे तेथे कोणी मानीत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या दुकानातील प्रघात आठवावा. बिल एकशे सत्याण्णव रुपये होते, गिऱ्हाईक दोनशेची नोट देते, आणि आपण 'सुटे नाहीत' म्हणून तीन चॉकलेटे पुढे सरकवितो. आपल्या नेहमीच्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही, कारण तो उद्या तीन रुपये कमी देऊन फिट्टंफाट करणार असतो. परंतु परक्या देशातून आलेल्या, उद्या कदाचित न येणाऱ्या माणसाला ती न मागितलेली खरेदी वाटते, आणि तोंडाने काही न बोलता तो मनात नोंद करून ठेवतो. म्हणून पहिली सूचना अशी की, गल्ल्यात एक, दोन, पाच आणि दहा रुपयांचा खुर्दा नेहमी बाळगावा. लहान स्टीलची थाळी ठेवली तर उत्तमच. आणि सुटे खरोखरच नसतील तर रक्कम वर चढविण्याऐवजी खाली उतरवावी. एक-दोन रुपयांच्या नुकसानीत जी पत मिळते ती जाहिरातीने मिळत नाही.

पावतीविषयी अधिक दक्षता हवी. शिरवळला येणारा बहुतेक जपानी माणूस कंपनीच्या कामासाठी आलेला असतो, आणि जेवणाचा, मुक्कामाचा, मोटारीचा खर्च त्याला आपल्या कचेरीत सादर करावयाचा असतो. त्याला पावती हवी ती कंपनीच्या नावाची, तारीख घातलेली, जिनसांचा तपशील असलेली, जीएसटी क्रमांक छापलेली आणि शिक्क्याची. कच्च्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेला आकडा त्याला काही उपयोगाचा नाही. पुष्कळ वेळा तो पावती मागण्यासही संकोचतो. तेव्हा कंपनीचे नाव कागदावर लिहून घेऊन आपण होऊनच पावती द्यावी, आणि तेच नाव वहीत टिपून ठेवावे म्हणजे पुढल्या खेपेस विचारावे लागत नाही. टीप त्याच्याकडून अपेक्षू नये. त्याच्या देशात ती प्रथा नाही, आणि आग्रह झाला तर त्याला तो आधी न सांगितलेला भाव वाटतो.

पैसे स्वीकारण्याच्या साधनांचेही सांगावयास हवे. परदेशी मोबाईल क्रमांक असलेल्या माणसाला आपला क्यूआर सामान्यतः चालत नाही. 'यूपीआय वन वर्ल्ड' या परदेशी प्रवाशांसाठीच्या सोयीतून त्याने खाते काढले असेल तरच चालतो. म्हणून जेवण वाढण्यापूर्वी, खोलीची किल्ली देण्यापूर्वी, कार्ड चालते की नाही हे दर्शनी पाटीवर लिहिलेले असावे. जेवण झाल्यावर 'मशीन बंद आहे' असे सांगणे आपल्याला किरकोळ वाटते. त्याच्या दृष्टीने मात्र ठरलेल्या व्यवहारातले एक कलम ऐन वेळी बदललेले असते. येन मात्र कोणीही स्वीकारू नयेत. परकीय चलनाची देवघेव करण्याचा परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय ती केल्यास दंड आपल्या माथी येतो. जवळच्या बँकेचे एटीएम दाखविणे हाच सरळ मार्ग.

उधारीबद्दलची त्याची वृत्ती कार्डाच्या वापरातही उतरते. तेथे क्रेडिट कार्ड पुढे केले की विक्रेता पुष्कळदा विचारतो, रक्कम एकदाच द्यावयाची की हप्त्यांनी? बहुतेक लोक 'एकदाच' असे उत्तर देतात, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ती सबंध रक्कम बँकेतून आपोआप वळती होते. या शिस्तीमागे घरातील जमाखर्चाची वही आहे. हानी मोतोको या जपानमधील आद्य स्त्री-पत्रकारांपैकी एक. त्यांनी १९०४ साली गृहिणींसाठी जमाखर्चाची छापील वही तयार केली, आणि महिन्याच्या आरंभी खर्चाच्या रकमा ठरवून मगच खर्चाला हात घालावा ही रीत घराघरांत पोहोचविली. आपल्याकडेही डब्यात पैसे साठविणाऱ्या आणि वाण्याच्या वहीशी आपली वही ताडून पाहणाऱ्या गृहिणी होत्याच. टपालखात्यातील बचतीची सोय जपानात १८७५ साली निघाली आणि आपल्याकडे १८८२ साली, म्हणजे अंतर अवघे सात वर्षांचे. अनेक जपानी घरांत नवऱ्याचा पगार बायकोच्या ताब्यात जातो आणि नवऱ्याला महिन्याचा हातखर्च मिळतो, ही गोष्ट ऐकून आमच्याकडील पुरुषवर्ग हसतो. हसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी निराळी वहिवाट आहे, हा प्रश्न येथे अप्रस्तुत म्हणून सोडून देतो.

हा काटकसरी माणूस खर्च कोठे मोकळ्या हाताने करतो, हे व्यापाऱ्याने अवश्य पाहावे. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात तेथील नोकरदारांना बोनस मिळतो, आणि त्याच दोन हंगामांत वरिष्ठांना, नातलगांना, उपकारकर्त्यांना भेटी पाठविण्याची रूढी आहे. त्याखेरीज प्रवासाहून परतताना कचेरीतील प्रत्येक सहकाऱ्यासाठी काहीतरी खाऊ नेणे हा जवळजवळ अलिखित नियमच. येथे आपल्या भागाला संधी आहे. तासगाव-सांगलीचा बेदाणा आपण किलोच्या पिशवीत विकतो. तो घेऊन जपानी माणूस काय करणार? तोच बेदाणा वीस-वीस ग्रॅमच्या बंद पुड्यांत, वीस पुड्यांच्या नेटक्या खोक्यात, घटकपदार्थ, वजन आणि 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असा मजकूर इंग्रजीत छापून ठेवला, तर तीच चारशे ग्रॅम वस्तू किलोच्या भावाची आठवण न काढता तो विकत घेईल. सांगलीच्या हळदीचेही तसेच. कागदाला सुरकुती नको, खोक्याचा कोपरा दबलेला नको. आतला जिन्नस उत्कृष्ट असूनही वरचे खोके दबलेले म्हणून त्याने ते परत ठेवले तर राग मानू नये. त्याला ते दुसऱ्याच्या हातात द्यावयाचे आहे.

भाव वाढविण्याच्या बाबतीत एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अकागी नावाच्या कंपनीची 'गारिगारी-कुन' ही मुलांची आवडती बर्फाची कांडी. २०१६ च्या एप्रिलमध्ये, पंचवीस वर्षांनंतर प्रथमच, कंपनीने तिचा भाव साठ येनवरून सत्तर येन केला, आणि त्या दिवशी दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत कंपनीची मंडळी, अध्यक्षासह, रांगेत उभी राहून वाकून दिलगिरी व्यक्त करताना दिसली. दहा येन म्हणजे त्या वेळचे सहा रुपये. आपल्याकडे दूध, गॅस, पेट्रोल यांच्या भाववाढीवर चार दिवस बडबड करून आपण निमूट पैसे देतो. जपानातही अलीकडे भाव वाढू लागले आहेत, पण कारण सांगितल्यावाचून भाव चढविणे हा तेथे अजूनही उर्मटपणा समजला जातो. थाळीचा दर वाढवावयाचा असेल तर महिनाभर आधी तारखेसह पाटी लावावी. मुक्कामी राहणाऱ्या कंपनीच्या माणसांना ते लेखी कळवावे.

सुटे भाग किंवा सेवा पुरविणाऱ्या लहान कारखानदारांना हीच गोष्ट अधिक कडकपणे लागू पडते. जपानी कंपनीला दिलेले दरपत्रक हे घासाघिशीच्या आरंभाचे कलम आहे असे समजू नये; पहिल्याच पत्रकात वाजवी भाव द्यावा, आणि तो फोडून दाखवावा: कच्चा माल इतका, मजुरी इतकी, वाहतूक इतकी. भाव कमी करण्याची मागणी आली तर ती बहुधा दरवर्षी थोड्या टक्क्यांनी, आणि काम सुधारून खर्च कसा कमी झाला याच्या चर्चेसह येईल. महिन्याअखेरीस हिशेब बंद करून पुढील महिन्याच्या अखेरीस रक्कम देणे ही तेथील सर्वसाधारण वहिवाट, आणि तेथील कायद्याने लहान पुरवठादारांसाठी माल पोहोचल्यापासून साठ दिवसांची कमाल मुदत घातलेली आहे. आपल्या देशात सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यान्वये लेखी करार असल्यास पंचेचाळीस दिवस, नसल्यास पंधरा. म्हणून उद्यम नोंदणी करून घ्यावी आणि करारात मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. बिल महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आत पोहोचले नाही तर ते सरळ पुढच्या महिन्यात ढकलले जाते, आणि मग साहेबांच्या मोबाईलवर तगादा लावून काही उपयोग होत नाही. माल उशिरा जाणार असेल तर ते उशीर होण्यापूर्वी कळवावे. 'उद्या नक्की' हे आपले आवडते उत्तर तेथे अक्षरशः उद्या या अर्थानेच घेतले जाते.

एवढे सांगितल्यावर एक पथ्य. सगळे जपानी एका साच्यातले नसतात. ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर. तेथील माणूस वस्तू किती स्वस्तात मिळविली हे अभिमानाने सांगतो, भाव कमी करून मागण्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि निप्रो कंपनी नेमकी ओसाकाचीच असल्यामुळे शिरवळच्या दुकानदाराला एखादे दिवशी सुखद धक्का बसणे अशक्य नाही. तरुण मंडळी मोबाईलने पैसे देण्यास सरावली आहेत. म्हणून माणूस पाहून वागावे. मात्र पाटीवर लिहिलेला भाव सर्वांना एकच ठेवावा, परदेशी चेहरा पाहून दोन रुपये अधिक सांगण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये, कारण ही मंडळी एकमेकांना सांगून जागा निवडतात आणि सोडतातही.

शेवटी, या भागातील जी मुले-मुली जपानी भाषा शिकून नोकरीसाठी तिकडे जात आहेत त्यांच्यासाठी थोडेसे. आपल्याकडील मोबाईलची सवय घेऊन तेथे उतरू नये. खिशात रोख ठेवावी, नाण्यांसाठी वेगळी थैली घ्यावी, आणि आगगाडीसाठी सुइका किंवा तत्सम कार्ड पहिल्याच दिवशी काढावे. ३ जुलै २०२४ पासून तेथे नव्या नोटा निघाल्या आहेत. हजार येनच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे, ज्यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध लावला, आणि पुण्याच्या प्लेगच्या कथा ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या त्यांना ती नोट ओळखीची वाटेल. जुन्या नोटाही चालतात. मात्र लहान उपाहारगृहांतील तिकिटाची काही जुनी यंत्रे नव्या नोटा घेत नाहीत, तेव्हा थोडी नाणी जवळ असू द्यावीत. मालावरील करासह एकूण किंमत दाखविणे २०२१ पासून बंधनकारक असले तरी पुष्कळ ठिकाणी करापूर्वीचा आकडा मोठ्या अक्षरात आणि करासह आकडा बारीक अक्षरात असतो. घरी नेण्याच्या खाद्यपदार्थांवर आठ टक्के आणि इतर बहुतेक वस्तूंवर दहा, हे लक्षात ठेवून बारीक आकडाच वाचावा. वीज, पाणी, दूरध्वनी यांची बिले रेषांचा कोड छापलेल्या चिठ्ठीच्या रूपाने टपालाने येतात. ती चिठ्ठी चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन रोख भरता येते, विक्रेता तिचा एक तुकडा शिक्का मारून परत देतो, आणि घर सोडताना किंवा नाव-पत्ता बदलताना तेच तुकडे पुरावा म्हणून दाखवावे लागण्याचा संभव असल्याने ते निदान वर्षभर एका पाकिटात, महिन्याच्या क्रमाने लावून ठेवावेत.